दोन प्रवासांच्या मधलं चालणं

आपल्या समाजाला प्रवास नवा नाही. ऑक्टोबरात नागपूरची दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, मार्चात महाडचं चवदार तळं, आणि पैसे साठले तर आयुष्यात एकदा बोधगया, सारनाथ, कुशीनगर. पुसदच्या बसस्टँडवर त्या त्या दिवशी पांढऱ्या साड्या, निळ्या टोप्या आणि भाकरीची गाठोडी दिसली की कुठली तारीख जवळ आली ते कॅलेंडर न पाहता कळतं. या प्रवासांबद्दल मला आज काही म्हणायचं नाही. मला बोलायचं आहे ते दोन प्रवासांच्या मधल्या दिवसांबद्दल. कारण त्या दिवसांत आपण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही गाडीवर जातो.

मी बरीच वर्षं परिचारिकेचं काम केलं. आता वस्त्यावस्त्यांमध्ये आरोग्य शिबिरं घेते, तरी लोक मला अजून 'सिस्टर'च म्हणतात. दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडे एकाच तक्रारीचे लोक येतात. पाय सुजले, टाचा दुखतात, पायाला फोड आला. मुंबईला रांगेत आणि रस्त्यावर दोन दिवस चालणं झालेलं असतं, आणि त्याआधीचे अकरा महिने चालणं जवळजवळ शून्य. शरीराला हे असं चालत नाही. वर्षातून दोनदा पोटभर जेवून बाकीचे दिवस उपाशी राहिल्यासारखं ते आहे.

माझ्यासोबत नर्सिंगचा डिप्लोमा केलेली एक मैत्रीण आता इंग्लंडमध्ये डर्बीशायर भागात नोकरी करते. सुट्टी मोठी असली की ती भारतात येते किंवा युरोपात कुठे फिरते. पण तिचे मला आलेले सगळ्यात जास्त फोटो या मोठ्या प्रवासांचे नसतात. आठवड्याच्या सुट्टीला घराजवळच्या शिवारात ती दोन-तीन तास पायी फिरते, त्याचे असतात. मेंढ्यांचं कुरण, दगडी बांध, बांधात एक लहानसं लाकडी फाटक आणि खांबावर पिवळा बाण. शेत दुसऱ्याच्या मालकीचं, आणि ही बाई खुशाल त्यातून चालली आहे. मी विचारलं, "शेतवाला काही म्हणत नाही?" ती म्हणाली, "म्हणायचा प्रश्नच नाही, वाट सार्वजनिक आहे."

तिथे अशा वाटेला पब्लिक फूटपाथ म्हणतात. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटांचं जाळं सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास आहे. जमीन कोणाचीही असो, तिच्यावरून पायी जाण्याचा हक्क सगळ्यांचा. स्थानिक प्रशासनाकडे त्याचा अधिकृत नकाशा असतो. शेतकऱ्याने वाटेवरून नांगर घातला तर पहिल्या नांगरटीनंतर १४ दिवसांत त्याला ती वाट पुन्हा नीट करून द्यावी लागते. हे वाचून इंग्रज फार उदार आहेत असं कोणी समजू नये. हा हक्क त्यांच्याही गरिबांना भांडून घ्यावा लागला. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर भागातले काही शे कामगार तरुण किंडर स्काऊट नावाच्या डोंगरपठारावर बंदी मोडून चढले. ते पठार जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवलं होतं, आणि गिरणीत आठवडाभर धूर खाणाऱ्यांना रविवारी तिथली हवाही खायची मुभा नव्हती. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघ्या २० वर्षांचा होता. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा आणि वाटांचा कायदा आला. डोंगर-माळरानावर मोकळं फिरण्याचा हक्क तर २००० सालच्या कायद्याने मिळाला.

आता आपल्याकडे बघा. किंडरच्या पाच वर्षं आधी, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब महाडच्या परिषदेतून हजारो माणसांना घेऊन रस्त्याने चालत चवदार तळ्यावर गेले होते. त्याच्याही आधी, १९२४ साली, केरळात वायकोमला सत्याग्रह झाला. तो मंदिरात शिरण्यासाठीही नव्हता, मंदिराभोवतीच्या रस्त्यावरून नुसतं चालण्यासाठी होता. आपण महाडबद्दल बोलतो तेव्हा पाण्याबद्दल बोलतो, आणि ते बरोबरच आहे. पण संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तळी आणि स्नानघाट यांच्या रांगेत रस्ते हा शब्दही आहे. तो तिथे उगाच आलेला नाही.

कारण चालणं आपल्या आजा-पणज्यांसाठी कधी मौज नव्हती. गावात मयत झालं की त्याचा सांगावा घेऊन चार गावं पायी तुडवायची ती महाराने. साहेबाचं सामान डोक्यावर घेऊन पुढच्या मुक्कामापर्यंत जायचं ते महाराने. पेशव्यांच्या राजधानीत तर स्वतःच्या पावलांचे ठसे पुसायला कमरेला झाडू बांधावा लागे, हे बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे निर्मूलन' मध्ये लिहून ठेवलं आहे. ज्या समाजाचं चालणं पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या हुकमाने झालं, त्याच्या मुलाने पहिली संधी मिळताच मोटारसायकल घेतली आणि पायी जाणं सोडलं, याचं मला नवल वाटत नाही. गाडीवर बसणं ही आपल्याकडे नुसती सोय नाही, ती इज्जत आहे. एका निवृत्त शिक्षकांना मी चालायला सांगितलं तर ते हसून म्हणाले, "सिस्टर, माझा बाप आयुष्यभर पायी चालला म्हणून मी शिकलो. आता मला परत पायी पाठवता का?" वाक्य बिनतोड होतं. पण त्यांची उपाशीपोटीची शुगर २१० होती.

आणि शिवाराचं तर बोलायलाच नको. शहरातल्या माणसाला हिरवं रान दिसलं की कविता सुचते. आपल्या लोकांना त्या रानात बांधावरून हाकलल्याच्या, विहिरीवरून शिव्या खाल्ल्याच्या, मजुरीसाठी तासन् तास उभं राहिल्याच्या आठवणी येतात. ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी खेड्याचं गोडवे गाणाऱ्यांना चांगलं सुनावलं होतं, आणि मी त्यातला एकही शब्द कमी करायला तयार नाही. माझं म्हणणं एवढंच, की खेड्याची व्यवस्था वेगळी आणि खेड्याभोवतीचं रान वेगळं. पळसाला फुलताना कोणाची जात दिसत नाही. रान सोडून दिलं तर ते ज्यांच्याकडे आहे त्यांचंच राहील. इंग्लंडातही २०१९ साली सरकारने नेमलेल्या एका समितीने लिहिलं, की तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत काळ्या आणि आशियाई लोकांना ही जागा आपली नाही असं वाटतं. माझी मैत्रीणही सांगते, सुरुवातीला वाटेवर लोक वळून बघायचे. ती चालत राहिली. आता तीच चार नव्या नर्सेसना सोबत घेऊन जाते.

चालण्यात कमीपणा वाटणाऱ्यांनी विनयपिटक उघडून बघावं. चुल्लवग्गात जीवकाची गोष्ट आहे. वैशालीत लोक भिक्खूंना एकाहून एक पक्वान्नं वाढत होते आणि भिक्खू जड झाले, आजारी पडू लागले. जीवक कामानिमित्त तिथे गेला होता. वैद्याच्या नजरेला ते लगेच दिसलं. त्याने तथागतांना विनंती केली की भिक्खूंना चंक्रमणाची म्हणजे येरझारा घालायच्या जागेची आणि वाफेच्या स्नानगृहाची परवानगी द्यावी. तथागतांनी दिली. पुढचा भाग मला जास्त आवडतो. जागा उंचसखल होती म्हणून पाय दुखू लागले, तर ती सपाट करायला सांगितली. कोणी कडेवरून पडलं, तर कठडा बांधायला परवानगी दिली. ऊन-थंडीचा त्रास झाला, तर वर छप्पर. अडीच हजार वर्षांपूर्वीचं हे आरोग्य खातंच म्हणायचं! अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच फायदे दिले आहेत. माणूस लांबच्या प्रवासाला समर्थ होतो, कष्टाला समर्थ होतो, आजार कमी होतात, खाल्लेलं पचतं, आणि चालून आल्यावर मिळालेली चित्ताची एकाग्रता बराच काळ टिकते. पहिलाच फायदा लांबच्या प्रवासाचा आहे, हे दादरला जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

स्वतः तथागत ४५ वर्षं चारिका करत राहिले. पावसाळ्याचे तीन महिने मात्र एका जागी मुक्काम, कारण पायाखाली कोवळी पिकं आणि जीवजंतू तुडवले जातात अशी लोकांची तक्रार होती. त्या वर्षावासातही विहाराच्या अंगणात चंक्रमण चालूच असे. म्हणजे प्रवास बंद असला तरी चालणं बंद नाही. आपण वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' चं वाचन करतो. त्यानंतर चहा-बिस्किट होतं. त्या चहाच्या जागी वीस मिनिटांचं चालणं ठेवलं तर काय बिघडेल? मी हे दोन वस्त्यांमध्ये सुचवलं. एका ठिकाणी बायांनी लगेच धरलं. दुसऱ्या ठिकाणी चहा जिंकला.

आता कोणी चालायचं आणि कोणी नाही, हे स्पष्ट सांगते, कारण या बाबतीत सरसकट सल्ला देणाऱ्यांचा मला राग येतो. जी बाई सकाळी सातला निंदायला जाते, दिवसभर वाकून असते आणि संध्याकाळी सरपणाचा भारा घेऊन येते, तिला "रोज सकाळी फिरायला जा" म्हणणं हा क्रूरपणा आहे. तिला विश्रांती, पोटभर डाळ-भाजी आणि लोहाच्या गोळ्या हव्यात. मी बोलते आहे ते बसणाऱ्यांशी. शिक्षक, कारकून, दुकानदार, स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिकेत दहा-दहा तास बसणारी पोरं, दिवसभर घरात अडकलेल्या सुना, आणि पेन्शन सुरू झाल्यापासून टीव्हीसमोरून न उठणारे काका. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम गतीची हालचाल सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास. गती एवढी, की चालताना बोलता यावं पण भीमगीत गाता येऊ नये. तेवढंही जमत नसेल तर जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. जेवणानंतर रक्तात चढणारी साखर त्याने खाली राहते, आणि यासाठी एक रुपयाही लागत नाही. बाबासाहेबांना मधुमेहाने शेवटच्या काळात किती छळलं, हे आपल्याला माहीत आहे. त्यांच्यावर देशाच्या कामाचं ओझं होतं. आपल्याकडे ते कारण नाही.

मधुमेह असणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठासून सांगते. सकाळी दवात अनवाणी चाललं की डोळ्यांची नजर वाढते, हे पुसदात घरोघरी ऐकायला मिळतं. डोळ्यांचा आणि दवाचा काही संबंध नाही. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. काटा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते आणि गोष्ट बोट कापण्यापर्यंत जाते. महावग्गात सोण कोळिविस या सुकुमार भिक्खूची गोष्ट आहे. चंक्रमण करून करून त्याच्या पायांतून रक्त आलं. तेव्हा तथागतांनी त्याला वीणेच्या तारांचा दाखला देऊन अति न करण्याचं समजावलं, आणि भिक्खूंना पादत्राणाची परवानगी दिली. तेव्हा चप्पल नको, पायाला घट्ट बसणारा बूट घाला, आत सुती मोजे. रात्री झोपण्यापूर्वी तळवे बघा, वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवा किंवा नातवाला बघायला सांगा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असाल तर खिशात गुळाचा खडा किंवा साखर हवीच. घाम फुटून हात थरथरायला लागले तर चालणं थांबवून आधी ती तोंडात टाका.

दुसरं सिकलसेलचं. आपल्या विदर्भात बौद्ध समाजात आणि आदिवासी बांधवांत हा आजार आहे, आणि अजूनही लग्न ठरेपर्यंत तपासणी होत नाही. ज्यांचा अहवाल एएस आहे, म्हणजे जे फक्त वाहक आहेत, त्यांनी इतरांसारखं चालावं, पाणी मात्र भरपूर प्यावं आणि भर उन्हात जोर लावू नये. एसएस असलेल्या मुलांनी दम लागेपर्यंत चालू नये. त्यांना थंडी, उन्हाचा तडाखा आणि पाण्याची कमतरता तिन्ही बाधतात आणि हाडं दुखण्याची कळ सुरू होते. पण म्हणून त्यांना घरात कोंडू नका. डॉक्टरांना विचारून, पाण्याची बाटली सोबत देऊन, संथ फिरायला न्या. दोस्तांबरोबर दहा मिनिटं बाहेर गेलेला पोर औषधंही नीट घेतो, हा माझा अनुभव आहे.

पुसदला चालण्यासाठी जागा नाही, असं मला कोणी सांगू नये. पूस नदी गावाला लागून, आणि चहूबाजूंनी डोंगर. नदीकाठाची आज जी अवस्था आहे ती बघून मन विटतं हे खरं, पण गाव मागे टाकून अर्धा तास पुढे गेलं की चित्र पालटतं. पूस धरणाच्या बाजूला हिवाळ्यात पाण्यावर बदकं उतरलेली असतात. एक दिवस मोकळा असेल तर तालुक्याच्या टोकाला पैनगंगेवरचा इसापूरचा जलाशय आहे. तिथे पलीकडचा काठ दिसेपर्यंत डोळे बारीक करावे लागतात. नोव्हेंबरात तूर फुलावर असते, कापूस फुटलेला असतो, सकाळी तारेवर नीलपंख बसलेला असतो. फेब्रुवारीच्या शेवटी डोंगरावर पळस पेटतो. मार्चात मोह टपकायला लागला की पहाटेच्या हवेला जो वास येतो, तो वास ज्यांना माहीत आहे त्यांना मी काही सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी जाऊन यावं. या सगळ्याला तिकीट नाही, रिझर्व्हेशन नाही.

काळजी मात्र घ्यायची. डोंगराच्या जंगलाकडे उजाडल्याशिवाय जायचं नाही आणि एकट्याने जायचं नाही. रानडुकरांसाठी काही जण कुंपणात चोरून करंट सोडतात, म्हणून अनोळखी तारेला हात लावू नका, बांध ओलांडू नका. पावसाळ्यात गवतात घोणस आणि फुरसं असतं. चावलं तर मंत्र नाही, ब्लेड नाही, आवळून बांधणं नाही. माणसाला हलू न देता थेट सरकारी दवाखान्यात न्या. ऑगस्ट ते ऑक्टोबर कपाशीवर फवारणी चालू असते. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, ते विसरू नका. फवारणी चाललेल्या शेताच्या बाजूने जायचंच नाही. आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत घरी, त्यानंतरचं ऊन आपलं नाही.

बायांचा प्रश्न वेगळा लिहावा लागतो. बाई कामासाठी कितीही लांब चालली तरी कोणी विचारत नाही. नुसती चालायला निघाली की सासू विचारते, "कुठं?" शेजारीण विचारते, "कोणासंगं?" यावर उपाय मला एकच सापडला, तो म्हणजे गट. पाच-सहा जणी मिळून निघाल्या की कोणी विचारत नाही. रमाई जयंतीचा कार्यक्रम आपण दोन महिने आधीपासून आखतो. त्याच महिला मंडळाने आठवड्यातून तीन सकाळी एकत्र निघायचं ठरवलं तर मंडळ वर्षभर जिवंत राहील, नाहीतर ते फेब्रुवारीत जागं होतं आणि एप्रिलनंतर झोपतं.

आणि वाटेचं काय? आपल्याकडेही पब्लिक फूटपाथ आहेत, फक्त त्यांचं नाव पांदण आहे. गावाच्या सरकारी नकाशावर तुटक दुबार रेषा असते तो गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेषा असते तो पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. प्रत्यक्षात जाऊन बघाल तर दोन्ही बाजूंनी नांगर सरकत सरकत वाट हातभर राहिलेली असते, नाहीतर बाभळीचे काटे टाकून बंद केलेली असते. याचा फटका सगळ्यात आधी कोणाला बसतो? कितीतरी गावांत आपल्या वस्तीची स्मशानाकडे जाणारी वाट अशीच कोणाच्या तरी शेतात गिळलेली आहे. पावसाळ्यात चिखलातून प्रेत न्यावं लागतं आणि वर शेतवाल्याच्या विनवण्या कराव्या लागतात. तेव्हा चालण्याचा हा विषय पोट कमी करण्यापुरता समजू नका. अडवलेली जुनी वाट मोकळी करून देण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने तहसीलदाराला दिलेला आहे. बांधावरून शेतात जायला रस्ता हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. सरकारच्या पाणंद रस्ते योजनाही आहेत, पण ग्रामसभेत ठराव मांडायला आपला माणूस उभा राहिला तरच आपल्या वस्तीची वाट त्या यादीत जाते.

लंडनला जाणारे आपले लोक आता वाढले आहेत. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली घेतलं आणि तिथे स्मारक झालं. लोक जातात, फोटो काढतात, टॅक्सीत बसून पुढच्या ठिकाणाला निघतात. त्या घरापासून काही मिनिटांच्या चालीवर प्रिमरोज हिल ही टेकडी आहे, १८४२ सालच्या कायद्याने सर्वांसाठी मोकळी झालेली. जो कोणी जाईल त्याने अर्धा तास काढून त्या टेकडीवर चढावं. आणि परत आल्यावर पुसदच्या डोंगरावरही.

या हिवाळ्यात ज्या विहारांना रविवारचा चालण्याचा गट सुरू करायचा असेल त्यांनी तीन गोष्टी आधी कराव्यात. तलाठ्याकडून किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावच्या नकाशाची प्रत घ्यावी. त्यावरच्या तुटक रेषा तरुण पोरांकडून रंगवून घ्याव्यात. आणि पहिल्या रविवारी गटातल्या प्रत्येकाची शुगर, बीपी आणि राहिली असेल तर सिकलसेलची तपासणी जवळच्या सरकारी केंद्रात करून घ्यावी. पहिली वाट स्मशानाचीच निवडा. ती किती रुंद उरली आहे ते मोजायला टेप सोबत असू द्या.